घरगुती संगणकावरील राखीव प्रत : साधनांची निवड आणि अधिकाराचा प्रश्न

असल व नक्कल यांतील भेद इतिहासाच्या अभ्यासकास नवा नाही. मोडी कागदांच्या वाचनास आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्यास प्रथमच हे सांगितले जाते की, हाती आलेला कागद असल आहे की नक्कल आहे, आणि नक्कल असल्यास ती कोणी, कोणाच्या आज्ञेने व कोणत्या प्रयोजनाने उतरून घेतली, याचा निर्णय झाल्याखेरीज त्या कागदाचे प्रामाण्य ठरत नाही. परंतु हाच विद्यार्थी आपली लिप्यंतरे, टिपणे आणि प्रबंधाची प्रकरणे आज ज्या यंत्रावर साठवितो, त्या घरगुती संगणकावरील नकलांविषयी हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तेथे बॅकअप म्हणजे राखीव प्रत घेण्याचे काम एखाद्या प्रोग्रामकडे सोपविले की कर्तव्य संपले, अशी समजूत असते. चार वर्षांचे लिप्यंतर एका दुपारी नाहीसे झाल्याच्या कथा आता आपल्या विभागांतून अपरिचित राहिलेल्या नाहीत. म्हणून या साधनांच्या इतिहासाकडे वळणे हे केवळ कुतूहलाचे काम नव्हे.

हा इतिहास बहुधा माध्यमांचा इतिहास म्हणून सांगितला जातो : प्रथम चुंबकीय फीत, मग फ्लॉपी, मग सीडी, मग बाह्य डिस्क आणि अखेरीस दूरच्या सर्व्हरवरील जागा. माध्यमे वाढत गेली, स्वस्त होत गेली आणि राखीव प्रत सुलभ होत गेली, असा या कथनाचा रोख असतो. तो सर्वस्वी खोटा नाही. तथापि या मांडणीत एक गोष्ट दृष्टीआड होते. घरगुती संगणकावर संपूर्ण नक्कल करण्याचा अधिकार कोणास आहे, हा प्रश्न १९८० नंतरच्या काळात वारंवार उपस्थित झाला आणि प्रत्येक वेळी त्याचे उत्तर निराळे मिळाले. ज्यास आपण प्रोग्रामाची निवड म्हणतो ती पुष्कळदा त्या उत्तराने आधीच ठरलेली असते. प्रस्तुत लेखात हाच धागा पकडून, मुख्यतः आयबीएम पीसी व तिच्या वंशातील यंत्रांपुरता, विचार केला आहे.

या भेदाचे मूळ घरगुती संगणकाहून जुने आहे. युनिक्स या प्रणालीत राखीव प्रतीसाठी दोन निरनिराळे प्रोग्राम होते. डंप हा १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत दिसतो. टार हा जानेवारी १९७९ च्या सातव्या आवृत्तीत आला. दोन्हींचे काम फितीवर नक्कल उतरविण्याचेच. पण मार्ग भिन्न. डंप हा फाइलींची व्यवस्था बाजूस ठेवून थेट डिस्क वाचीत असे, आणि त्यासाठी यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याचा हक्क लागे. टार मात्र सामान्य वापरकर्त्याप्रमाणे फाइली एकेक उघडून वाची. म्हणून ज्यास जे वाचण्याची मुभा होती त्याची नक्कल तो स्वतः करू शके. एकात यंत्राची नक्कल, दुसऱ्यात लेखकाच्या लिखाणाची. पुढील पन्नास वर्षांत निघालेली बहुतेक साधने या दोहोंपैकी एका कुळात बसतात, आणि ज्याचे अधिकार मर्यादित आहेत त्याच्या वाट्यास नेहमी दुसरे कुळच येते.

आयबीएमचा पहिला पीसी ऑगस्ट १९८१ मध्ये विक्रीस आला तेव्हा हा प्रश्न उद्भवण्याचे कारण नव्हते. त्याच्या फ्लॉपीवर १६० किलोबाइट मजकूर मावे, आणि एका फ्लॉपीची दुसरी फ्लॉपी करणे म्हणजेच राखीव प्रत. मार्च १९८३ मध्ये पीसी एक्सटी हे यंत्र १० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कसह निघाले आणि परिस्थिती पालटली. त्याच्याबरोबर आलेल्या डॉसच्या २.० या आवृत्तीत बॅकअप व रिस्टोर या दोन आज्ञा होत्या. भरलेल्या डिस्कची नक्कल ३६० किलोबाइटच्या फ्लॉप्यांवर उतरवावयाची तर सुमारे तीस फ्लॉप्या क्रमाने घालाव्या व काढाव्या लागत. मधली एक बिघडली तर काय, हे ज्याने त्याने समजून घ्यावे! येथे अधिकाराची कोणतीही आडकाठी नव्हती. डॉसमध्ये वापरकर्ता ही कल्पनाच नव्हती. यंत्रापुढे जो बसेल तो त्याचा धनी. आडकाठी होती ती केवळ वेळाची आणि चिकाटीची.

डॉसच्या या व्यवस्थेतील एक लहानसा तपशील फार अर्थपूर्ण आहे. प्रत्येक फाइलीच्या नोंदीत एक खूण राखून ठेविलेली होती. फाइल बदलली की प्रणाली ती खूण उमटवी, आणि नक्कल घेतल्यावर बॅकअपचा प्रोग्राम ती पुसून टाकी. त्यामुळे पुढील वेळी केवळ बदललेल्या फाइलींची नक्कल घेता येई. युक्ती चांगली, परंतु खूण एकच आणि ती सर्व प्रोग्रामांत सामाईक. दोन निरनिराळी साधने एकाच यंत्रावर वापरली तर पहिल्याने खूण पुसल्यावर दुसऱ्यास ती फाइल बदललेली दिसतच नसे, आणि त्याची नक्कल अपुरी राही. सावधगिरी म्हणून दोन साधने वापरणारा मनुष्य या रीतीने एकच साधन वापरणाऱ्याहून अधिक अडचणीत येऊ शकत होता. हा दोष विंडोजमध्येही वारसा म्हणून उतरला. म्हणूनच पुढील काळातील चांगली साधने त्या खुणेवर विसंबण्याचे टाळतात व तारीख, आकार किंवा प्रत्यक्ष मजकूर ताडून पाहतात.

डॉसच्या आज्ञा मंद होत्या. फिफ्थ जनरेशन सिस्टिम्स या अमेरिकन कंपनीच्या फास्टबॅक या प्रोग्रामाने हार्ड डिस्कचे वाचन व फ्लॉपीवरील लेखन एकाच वेळी चालविण्याची युक्ती योजिली आणि तो लोकप्रिय झाला. मात्र त्याच्या फ्लॉप्या त्याच्या स्वतःच्या पद्धतीने लिहिलेल्या असत. फास्टबॅक हाती नसेल तर त्यांचा उपयोग नव्हता. १९९३ मध्ये ही कंपनी सिमॅन्टेकने विकत घेतली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने डॉसच्या ६.० या आवृत्तीतून जुनी बॅकअप ही आज्ञा काढून सिमॅन्टेककडून घेतलेला नवा प्रोग्राम घातला, परंतु रिस्टोर ही आज्ञा ठेविली. नक्कल करणारा गेला तरी जुन्या नकला वाचणारा मागे राहिला, हे शहाणपण पुढे सर्वत्र टिकले नाही.

१९९३ हेच वर्ष विंडोज एनटीचे. कचेऱ्यांसाठी रचलेल्या या प्रणालीत प्रत्येक फाइलीस कोण वाचील व कोण लिहील याची यादी जोडलेली होती. मग जो नक्कल घेतो त्याने सर्वांचे कागद वाचावे काय? एनटीच्या रचनाकारांनी नक्कल करण्याचा अधिकार वाचण्याच्या अधिकारापासून वेगळा काढला. बॅकअप ऑपरेटर्स नावाचा एक गट निर्माण केला; त्या गटातील मनुष्यास कोणत्याही फाइलीची परवानगी नसली तरी नक्कल घेण्यापुरती ती वाचता येई. एखाद्या दफ्तरात पेट्या उघडून कागद उतरवून ठेवण्याचा हक्क असलेला कारकून असावा, तसा हा प्रकार. कल्पना उत्तम, पण व्यवहारात जो सर्व कागदांची नक्कल बाहेर नेऊ शकतो तो ते वाचूही शकतो, आणि म्हणून हा गट सुरक्षिततेच्या दृष्टीने नेहमीच नाजूक मानला गेला. एनटीचा बॅकअपचा प्रोग्राम आरंभी केवळ फितीवर लिहीत असे. फाइलीत लिहिण्याची सोय विंडोज २००० पासून झाली.

एनटीची ही रचना २५ ऑक्टोबर २००१ रोजी विंडोज एक्सपीच्या रूपाने घरात शिरली. आपल्या विषयाच्या दृष्टीने हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. एक्सपीच्या होम व प्रोफेशनल अशा दोन आवृत्त्या होत्या. प्रोफेशनलमध्ये बॅकअपचा प्रोग्राम आपोआप बसे. होममध्ये तो बसत नसे. तथापि तो होमच्या सीडीवर, व्हॅल्यूअ‍ॅड नावाच्या एका आतल्या फोल्डरात, ठेविलेला होता. ज्यास ठाऊक असेल त्याने तो शोधून बसवावा. बसविल्यावरही यंत्र कोलमडल्यास सर्व प्रणाली पुन्हा उभी करण्याची जी सोय प्रोफेशनलमध्ये होती, ती होममध्ये चालत नव्हती. त्यात भर अशी की, अनेक उत्पादक यंत्राबरोबर ती सीडी देतच नसत. प्रणाली पुन्हा बसविण्याचे साहित्य त्याच हार्ड डिस्कच्या एका भागात ठेवीत. डिस्क गेली की तिजवरील उपायही गेला.

हा भेद तांत्रिक होता काय? प्रस्तुत लेखकाच्या मते नव्हता. तोच प्रोग्राम सीडीवरून बसविल्यावर होममध्ये फाइलींची नक्कल बिनतक्रार घेत असे, यावरून यंत्राची किंवा प्रणालीची अडचण नव्हती हे उघड आहे. कचेरीतील कागद मोलाचा व घरातील कागद दुय्यम, अशी एक धारणा या विभागणीमागे दिसते, आणि ती बाजारातील किंमतपत्रिकेशी जुळणारी होती. घरी बसून प्रबंध लिहिणारा विद्यार्थी या हिशेबात कोठेच बसत नव्हता.

मराठी लिहिणाऱ्याची अडचण याहून थोडी अधिक होती. एक्सपीमध्ये देवनागरीसारख्या लिप्यांचा आधार आपोआप येत नसे. तो पुढे बसवावा लागे आणि त्यासाठीही बहुधा तीच सीडी मागितली जाई. त्या काळातील बहुसंख्य मराठी लेखन युनिकोडमध्ये नव्हतेच. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम, किंवा श्री-लिपी यांसारख्या साधनांच्या फाँटांत ते होत असे, आणि या फाँटांतील संकेत परस्परांशी जुळत नसत. अशा लिखाणाची फाइल अक्षरशः जशीच्या तशी परत मिळाली, तरी तो फाँट नव्या यंत्रावर नसेल तर पडद्यावर रोमन चिन्हांची रांग दिसे. नक्कल निर्दोष आणि तरीही मजकूर दुर्बोध, ही स्थिती मोडीचे ज्ञान लोपल्यानंतरच्या दफ्तरांची आठवण करून देणारी आहे. पुढे युनिकोड रूढ झाल्यावर फाइलींची नावेही देवनागरीत देता येऊ लागली, आणि मग नावांचा प्रश्न आला. झिप या संकोचनपद्धतीत नावे युटीएफ-८ मध्ये लिहिण्याची अधिकृत सोय २००६ मध्ये झाली. त्यापूर्वीच्या व त्यानंतरच्याही अनेक प्रोग्रामांनी देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे लिहिली किंवा अशा फाइली घेण्याचेच नाकारले. विंडोजच्या एनटीएफएस व्यवस्थेत नावाची मर्यादा २५५ संकेतांची आहे. लिनक्समधील बहुतेक व्यवस्थांत ती २५५ बाइटांची आहे. देवनागरीचा एक संकेत युटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतो. म्हणजे ८५ संकेतांपलीकडचे मराठी नाव विंडोजमध्ये चालेल, परंतु लिनक्सवर चालणाऱ्या डिस्कपेटीत उतरणार नाही; काना, मात्रा, वेलांटी, हलन्त या प्रत्येकाचा संकेत निराळा मोजला जात असल्याने ‘पेशवेकालीन महसूल व्यवस्थेसंबंधी टिपणे’ अशा धर्तीची नावे देणाऱ्यास ती मर्यादा वाटते त्याहून लवकर गाठावी लागते.

एक्सपीच्या काळात होम आवृत्तीच्या धन्याने काय केले? बहुतेकांनी काहीच केले नाही. काहींनी ७०० मेगाबाइटच्या सीडींवर हाताने फाइली उतरविल्या. बॅकअपचा प्रोग्राम मिळाला तरी तो सीडीवर थेट लिहीत नव्हता. जे अधिक जाणते होते ते घोस्टकडे वळले. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे १९९० नंतरच्या दशकात तयार झालेला व १९९८ मध्ये सिमॅन्टेकने घेतलेला हा प्रोग्राम विंडोज सुरू होण्यापूर्वीच डॉसच्या फ्लॉपीवरून चाले आणि सर्व डिस्कची प्रतिमा घेई. विंडोजमधील अधिकारांच्या याद्या त्या वेळी निद्रिस्तच असत. ज्याच्या हाती फ्लॉपी व ज्याचा हात यंत्राच्या खटक्यावर, तोच सर्वाधिकारी, असे डॉसचे जुने राज्य घोस्टने थोड्या वेळापुरते परत आणले.

३० जानेवारी २००७ रोजी सर्वांसाठी खुल्या झालेल्या विस्टामध्ये आवृत्त्या वाढल्या आणि भेदही वाढले. होम बेसिकमध्ये ठरावीक वेळी आपोआप नक्कल घेण्याची सोय नव्हती. होम प्रीमियममध्ये ती होती. संपूर्ण डिस्कची प्रतिमा घेण्याची सोय या दोहोंत नव्हती. ती बिझनेस व त्यावरील आवृत्त्यांत होती. याहून विलक्षण गोष्ट फाइलींच्या पूर्वावस्थांची. विस्टा सर्वच आवृत्त्यांत ठरावीक काळाने डिस्कची छायाप्रत घेत असे, कारण बिघडलेली प्रणाली मागे नेण्यासाठी तिला ती लागे. त्या छायाप्रतीत वापरकर्त्याच्या फाइलींची जुनी रूपेही असत. परंतु ती पाहण्याचा दरवाजा केवळ महागड्या आवृत्त्यांत ठेविला होता. घरगुती यंत्राच्या डिस्कवर प्रबंधाच्या प्रकरणाची कालची प्रत प्रत्यक्ष अस्तित्वात होती, तिने जागाही व्यापली होती, पण धन्यास ती दाखविण्यात येत नव्हती! शॅडोएक्सप्लोरर नावाचा एक लहान प्रोग्राम पुढे निघाला व त्याने तो दरवाजा उघडून दिला. दफ्तर आपल्याच वाड्यात असून किल्ली परक्याकडे असावी, तसा हा प्रकार होता. शिवाय एक्सपीतील बॅकअपच्या फाइली विस्टा स्वतः वाचीत नसे. त्यासाठी निराळा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून आणावा लागे. डॉस ६ मध्ये रिस्टोर मागे ठेवणाऱ्या संस्थेकडूनच हे व्हावे, याचे आश्चर्य वाटते.

त्याच वर्षी २६ ऑक्टोबर रोजी मॅकच्या लेपर्ड या प्रणालीत टाइम मशीन आले. सर्व्हरची आवृत्ती वगळता त्या प्रणालीस घरगुती व व्यावसायिक असे भेद नसल्याने राखीव प्रतीचाही भेद उरला नाही. विंडोजमध्ये प्रतिमा घेण्याची सोय २००९ च्या विंडोज ७ मध्ये सर्व आवृत्त्यांना मिळाली. जाळ्यावरील दुसऱ्या यंत्रावर नक्कल ठेवण्याची मात्र प्रोफेशनलपुरतीच राहिली. २०१२ च्या विंडोज ८ मधील फाइल हिस्टरीने फाइलींपुरता हा भेद मिटविला.

आवृत्तीची बंधने अशी सैल होत असताना खात्याची बंधने घट्ट होत गेली. विस्टापासून प्रणालीने सर्वाधिकाराचा उपयोग वेळोवेळी विचारून करण्याची पद्धत घातली. घरातील मुलांना, किंवा संस्थेने दिलेल्या यंत्राच्या धारकास, मर्यादित खाते देणे रूढ झाले. अशा खात्यास छायाप्रत घेता येत नाही, आणि म्हणून त्या क्षणी दुसऱ्या प्रोग्रामाने धरून ठेविलेल्या फाइलीची नक्कलही नीट होत नाही. विंडोजमधील रोबोकॉपी, ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेले आरसिंक, किंवा २०१५ च्या सुमाराचे रेस्टिक व बोर्ग ही साधने अशा खात्यातूनही चालू शकतात. ही सर्व टारच्या कुळातील. त्यांपैकी पहिल्या दोहोंविषयी एक सूचना अवश्य आहे. मूळ व नक्कल तंतोतंत सारखी ठेवण्याची जी आज्ञा त्यांत आहे, ती मूळ ठिकाणी पुसलेली फाइल नकलेतूनही पुसते. ही प्रतिबिंबाची रीत झाली, राखीव प्रतीची नव्हे. रेस्टिक व बोर्ग यांत प्रत्येक वेळची अवस्था स्वतंत्र राहते आणि सारखा मजकूर एकदाच साठविला जातो. मात्र त्यांचे भांडार त्यांच्याशिवाय वाचता येत नाही, हा फास्टबॅकचा दोष त्यांतही आहे. त्यांची पद्धती उघड प्रसिद्ध असल्यामुळे तो सौम्य होतो, इतकेच.

मर्यादित खात्याची निंदा करताना त्याची दुसरी बाजू विसरू नये. सप्टेंबर २०१३ पासून पसरलेल्या क्रिप्टोलॉकर व त्यामागून आलेल्या खंडणीखोर प्रोग्रामांनी फाइली कुलूपबंद करण्याबरोबर छायाप्रतीही पुसण्याचा क्रम ठेविला. त्या पुसण्यास सर्वाधिकार लागतो. जेथे खाते मर्यादित होते आणि प्रणालीत दुसरी फट नव्हती, तेथे छायाप्रत वाचण्याची शक्यता होती. जेथे धनी स्वतःच सर्वाधिकारी म्हणून वावरत होता, तेथे त्याचा अधिकार त्याच्याच विरुद्ध वापरला गेला. सतत जोडून ठेविलेली बाह्य डिस्क मात्र दोन्ही परिस्थितींत सारखीच उघडी पडली, कारण स्वतःच्या फाइली लिहिण्याची परवानगी मर्यादित खात्यासही असतेच.

घरातील नकलेस कचेरीतील नकलेहून कमी लेखण्याच्या धारणेस छेद देणारे एक प्रसिद्ध उदाहरण येथे नोंदण्याजोगे आहे. १९९८ मध्ये पिक्सार या चित्रपटसंस्थेत ‘टॉय स्टोरी २’ चे काम चालू असता एका आज्ञेने त्या चित्रपटाच्या फाइली भराभर पुसल्या गेल्या. संस्थेतील बॅकअपची व्यवस्था काही काळापासून नीट चालत नव्हती, हे तेव्हाच उघडकीस आले. मूल लहान असल्याने घरून काम करणाऱ्या एका तांत्रिक अधिकारी बाईंच्या घरच्या संगणकावर त्या चित्रपटाची थोडी जुनी प्रत होती. ते यंत्र जपून संस्थेत आणले गेले आणि त्यावरून काम पुन्हा उभे राहिले.

२ मे २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० एस ही आवृत्ती जाहीर केली. २०१८ पासून तीच एस मोड या नावाने चालू आहे. या अवस्थेतील यंत्रावर कंपनीच्या दुकानातून आलेलेच प्रोग्राम चालतात आणि आज्ञा टंकण्याची खिडकीही बंद असते. म्हणजे घोस्टच्या जातीची साधने तर गेलीच, परंतु रोबोकॉपी, आरसिंक व रेस्टिक यांनाही तेथे वाट नाही. उरते ते प्रणालीतच असलेली फाइल हिस्टरी आणि दूरच्या सर्व्हरवर फाइली सारख्या ठेवण्याचे साधन, ज्याची विनामूल्य मर्यादा ५ गिगाबाइट आहे व ज्याचा मूळ धर्म प्रतिबिंबाचा आहे. आणि हाताने फाइली उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवणे. विंडोज ११ मध्ये एस मोड केवळ होम आवृत्तीत ठेविला आहे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. यातून बाहेर पडणे विनामूल्य आहे, पण एकदा बाहेर पडल्यावर परत फिरता येत नाही, आणि यंत्र संस्थेचे असेल तर तो निर्णय संस्थेच्या हाती राहू शकतो. असे यंत्र घेऊन बसलेल्या संशोधकाने हाताने नक्कल करण्याचा मार्ग धरला, तर ते साधन १९८१ च्या डॉसमधील कॉपी या आज्ञेहून तत्त्वतः निराळे नाही. १६० किलोबाइटच्या फ्लॉपीच्या जागी कैक गिगाबाइटची पेनड्राइव्ह आली आहे आणि नक्कल केव्हा घेतली याची तारीख फोल्डराच्या नावात त्याने स्वतःच घालावयाची आहे.